पळून आलेला शिपाई

दसरा झाला की आमच्या गावात कुत्र्यांचं भुंकणं मोठं ऐकू येतं. माणसं ऊसतोडीला निघून गेलेली असतात. दारांना बाहेरून कड्या, ओट्यावर आमच्यासारखी म्हातारी आणि शाळेसाठी मागं ठेवलेली पोरं. सकाळी ट्रॅक्टर भरतात. बाजेचा सांगाडा, पत्र्याची पेटी, डालग्यातल्या कोंबड्या, बांबूचे चटे आणि या सगळ्यावर चढून बसलेल्या बायका. चकलांब्याच्या रस्त्याला धूळ उठते, ती बसेपर्यंत मी बघत राहते. मग उठून आपली भाकरी थापायला लागते.

ऊस म्हटला की कुणाला गुळाचा वास आठवत असेल, कुणाला रसाची गोडी. मला पाचटानं चिरलेले हात आठवतात, कोपीतल्या, म्हणजे चट्यांच्या झोपडीतल्या, ओल्या मातीचा गारवा आठवतो, कारखान्यातून येणारा मळीचा आंबट वास आठवतो. आणि एक सिनेमा आठवतो. हसायचा सिनेमा होता. तो आठवला की माझा दिवस वाईट जातो.

कोयता म्हणजे हत्यार, हे बाहेरच्या माणसाचं म्हणणं. आमच्याकडं कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. मुकादम गावात आला की माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. गड्यानं तोडायचा, बाईनं पाला काढून साळायचा, मोळी बांधायची, डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची. एकटा गडी अर्धा कोयता, एकटी बाई अर्धा कोयता, आणि अर्ध्याला नेणारा मुकादम मी तरी बघितला नाही. लग्न म्हणजे काय ते मला अंतरपाटानं शिकवलं नाही, मुकादमानं शिकवलं.

माझा पहिला नवरा किसन. तेव्हा नाव घेत नव्हते, आता घेते. तो डावरा होता. जेवायचा तेवढा उजव्या हातानं, तेही बापानं मारून शिकवलं म्हणून. बाकी सगळं डाव्यानं. फडात डावरा माणूस म्हणजे अडचण, असं लोक म्हणत. आमचं उलट होतं. बाकीच्या जोड्यांत मी मोळ्या बांधणाऱ्या बायका बघितल्या. मी मात्र त्याच्या शेजारी उभी राहून तोडायची. तो डाव्या अंगाला, मी उजव्या अंगाला. दोघांचे कोयते बाहेरून फिरायचे आणि ऊस धरणारे हात मधे एकमेकांजवळ असायचे. कधी त्याची बोटं माझ्या बोटांवर यायची. बोलणं काही नाही. घामानं डोळे चुरचुरत, पाठीवर ऊन, आणि मधे ते दोन हात. दोन हंगाम आम्ही तसा ऊस तोडला.

मग आमची विहीर आटली. खालच्या अंगाला खणून बघितलं, आडवं बोअर मारून बघितलं, खालून नुसता काळा दगड. त्याच सुमाराला भरतीवाले आले. किसन उंचापुरा होता, घेतला. देशासाठी गेला असं लोक पुढं म्हणायला लागले. मी त्याच्याबरोबर गेवराईच्या स्टँडवर होते, मला ठाऊक आहे. विहीर आटली म्हणून गेला. पलटणीत दोन वेळा जेवायला मिळतं, एवढं त्यानं ऐकलं होतं.

गाडीची वाट बघत आम्ही लिंबाखाली उभे होतो. तो म्हणाला, "बंदूक उजव्या हातानं धराया लावतील मला."

"मग धरा."

"नेम चुकंल की."

"चुकू द्या. समोरचा बी कुणाचा तरी असंलच."

तो हसला. वरचा एक दात अर्धा तुटलेला होता, तो दिसला. त्याचं तोंड मी शेवटचं बघितलं ते तसं.

त्याच्या मागं मी अर्धा कोयता झाले. घरात सासरे होते, त्यांना मी मामा म्हणे. आणि धाकटा दीर नामदेव, लग्न न झालेला, तोही अर्धाच. मुकादमानं डोकं खाजवून दोन अर्धे एका जागी बांधले. "दीर-भावजय हाय, बाप संगट हाय, चालून जाईल यंदाच्याला," म्हणाला. सहकारी कारखान्याच्या मागं आमची कोपी उभी राहिली. एका कोपीत आम्ही तिघं. मामा चूल सांभाळत, बैल सांभाळत, आणि मी नामदेवाबरोबर फडात.

नामदेव उजवा. त्याचा कोयता मधे यायचा. पहिल्याच आठवड्यात माझी करंगळी वाचली ती नशिबानं. मग तो एक सरी सोडून उभा राहायला लागला.

लढाई सुरू झाली ती कारखान्याच्या दिव्यांवरून कळली. चिमणीवरचा लाल दिवा मालवला, बल्बांना काळे कागद लावले. अंधारात मळीचा वास जास्त येतो हे मला तेव्हा समजलं. पंधरवडाभरानं दिवे लागले, साखर वाटली, आपण जिंकलो असं सांगितलं. संक्रांत झाल्यावर गावाकडून माणूस निरोप घेऊन आला. सरकारी कागद आला होता. किसन बेपत्ता.

मेला असं त्यात म्हटलं नव्हतं. जिवंत आहे असंही नव्हतं. पण मामांनी डोक्याचं पागोटं काढून खाली ठेवलं आणि म्हणाले, "गेलं माझं पोरगं. मर्दासारखं गेलं." मी मोळी बांधत होते ती बांधून पुरी केली. बांगड्या फोडायला शेजारची गया आली, तिला म्हणाले, "कागदात मेला म्हणलंय का? मग हात सोड."

लोकांना बेपत्ता हा शब्द पेलत नाही. एक तर कुंकू लावा नाहीतर पुसा, मधलं काही त्यांना चालत नाही. मला महिनाभर कुणी हळदीला बोलावलं नाही आणि सुतकालाही धरलं नाही.

मग सिनेमा आला. जिंकल्याचा आनंद म्हणून कारखान्याच्या चेअरमननी तोडकऱ्यांना फुकट सिनेमा दाखवायचं ठरवलं. वजनकाट्याच्या पलीकडं मोकळं मैदान होतं, तिथं दोन बांबूंना पांढरा पडदा ताणला. पडद्याच्या पुढं खुर्च्या, त्यामागं गडीमाणसं. बायकांनी पडद्याच्या पाठीमागं बसायचं. तशीच रीत होती. पातळ कापडातून चित्र मागंही दिसायचं, फक्त अक्षरं उलटी. आमच्यात वाचणारी कोण होती? मी चौथी शिकलेली, पण उलटं मलाही वाचता येत नाही.

आधी भाषण झालं. मला पुढं बोलावून लुगडं-नारळ दिला. चेअरमन म्हणाले, ही वीरपत्नी. मी म्हणाले, "साहेब, माझा नवरा घावंना झालाय, मेला न्हाई." त्यांनी ऐकलं नाही, टाळ्या चालल्या होत्या. नारळ घेऊन मी पडद्यामागं जाऊन बसले.

चेअरमननी लढाईचा सिनेमा मागवला होता आणि आला तोही लढाईचाच. डब्यावर वर्दीतल्या माणसाचं चित्र होतं म्हणे. फक्त तो शिपाई पळपुटा निघाला. पहिली तोफ उडाली तशी याची टोपी एकीकडं आणि हा एकीकडं. धावत धावत एका गावात शिरतो. तिथं एक बाई पिठाची गिरणी चालवते. मागावर जनरल. बाई त्याला पिठाच्या कोठीत ढकलते. जनरल येतो, झाकण उघडतो, आतून पांढराफटक माणूस उभा राहून शिंकतो आणि जनरल भूत समजून गाढवावर उलटा बसून पळतो.

पुढच्या बाजूनं गडी ओरडायला लागले, "आरं पळ बे, पळ! मागल्या दारानं!" चेअरमन मशीनवाल्यावर खेकसले, "बंद करा ते! हा कसला सिनेमा?" आमचा मुकादम उठून हात जोडून म्हणाला, "राहू द्या साहेब. मानसं हसायलीत. लई दिसांनी हसायलीत." सिनेमा चालू राहिला.

मग त्या बाईला जगापुढं त्याला नवरा म्हणावं लागतं. खोटा नवरा खरी दळणं दळतो, खरी पाखडणी करतो, तिच्या हातचा मार खातो. आणि तिचा जीव त्याच्यावर बसतो. शेवटी जनरल त्याला धरतो, म्हणतो, तुला लाज नाही? तो म्हणतो, साहेब, शूर माणसं तुम्हाला लई मिळतील, हिला नवरा मी एकच हाय. हिंदीत म्हणतो, पण हिंदी आम्हाला कळायची, आम्ही निजामाच्या मुलखातली माणसं.

तो शिपाई डावरा होता. भाकरी डाव्या हातानं मोडत होता, सलाम डाव्या हातानं ठोकत होता, बंदूक टाकली तीही डाव्या हातानं. मी बघतच राहिले. पिठानं पांढरं झालेलं तोंड, ते कुणाचंही असू शकत होतं. हात मात्र मला ओळखीचे होते. गया म्हणाली, "सुंदरे, कावून रडायलीस?" मी रडत नव्हते. मी एवढी हसत होते की डोळ्यांतून पाणी येत होतं.

दुसऱ्या दिवशी चुलीपुढं मामा बोलले. "नवरा लढाईत गेला अन् बाई चारचौघांत दात काढतीय. लोक काय म्हणत्याल?"

"मामा, ते मेले न्हाईत. लपलेत कुठं तरी."

मामांच्या हातातली फुंकणी खाली पडली. "माझं पोरगं भगोडं न्हाई."

"भगोडं असलं तर बरंच हाय की. येईल तरी."

मामा त्या दिवशी जेवले नाहीत. बापाला शूर लेक हवा होता, मेलेला का असेना. मला नवरा हवा होता, पळपुटा का असेना. दोघांचं एकाच माणसावर प्रेम होतं आणि आम्ही एकमेकांना वैऱ्यासारखं बघत होतो. लढाई फक्त सीमेवर होते असं म्हणतात. ती चुलीपर्यंत येते.

दोन दिवसांनी मामांनी मनातलं काढलं. त्यांचे गुडघे गेले होते, पुढच्या हंगामाला ते येणार नव्हते. बाप सोबत नसेल तर तरणा दीर आणि भावजय एका कोपीत कसे राहणार? आणि दोघं दोन अर्धे राहिले तर मुकादम नेणार नाही, दुष्काळात गावात खाणार काय? आमच्यात नवरा गेला की दिराशी पाटाचं लग्न लावतात. "नामदेवाशी पाट लावू. कोयता पुरा हुईल."

मी म्हणाले, "पुढच्या हंगामापर्यंत थांबा. तवर आले न्हाईत तर तुमी म्हणाल ते."

मामा विस्तवाकडं बघत म्हणाले, "पुढचा हंगाम. त्याच्या म्होरं न्हाई."

फडात मी नामदेवाला विचारलं, "भावजी, तुमचं काय म्हणणं?"

तो ऊस साळत होता. मान वर न करता म्हणाला, "वहिनी, दादा लपलाच असंल. लहानपणी आंबं चोरले की मी सापडायचो, त्यो कधी सापडला न्हाई."

एवढं एक माणूस माझ्या बाजूला झालं आणि मला बळ आलं. मग नामदेवानं तो सिनेमा फडात आणला. हातातला ऊस छडीसारखा काखेत धरून, उसाच्या शेंड्याच्या हिरव्या वाढ्याच्या मिशा लावून तो जनरल व्हायचा. "किधर गया वो नालायक?" म्हणत सरीतून तरातरा चालायचा. मग उडी मारून शिपाई व्हायचा, पाचटाच्या ढिगात शिरायचा आणि शिंकत बाहेर यायचा. डाव्या हातानं सलाम ठोकायचा. मी मोळी टाकून हसायची. एकदा म्हणाले, "भावजी, अगदी तुमच्या दादासारखं. त्यो शिपाई बी डावराच होता न्हवं?" त्यानं डोक्यातलं पाचट झटकलं. म्हणाला, "व्हय वहिनी. डावराच." आणि परत एक सलाम ठोकला.

त्या हंगामात तो डाव्या हातानं तोडायलाही शिकला. नडगीवर दोनदा घाव पडला, हळद भरून परत उभा राहिला. मी विचारलं तर म्हणाला, "एक सरी सोडून तोडताना रान वाया जातंय." हळूहळू तो शेजारच्या सरीत आला. कोयते बाहेर आणि हात मधे. पण त्यानं आपला हात माझ्या हाताला कधी लागू दिला नाही. आम्ही दोघं एका माणसाची वाट बघत होतो. दोघांनी मिळून वाट बघितली की ती वाट एकट्यासारखी जड होत नाही, एवढंच मला तेव्हा समजत होतं.

पुढं कितीतरी वर्षांनी तो सिनेमा टीव्हीवर लागला. दुपारची वेळ होती, मी शेंगा फोडत होते, नामदेव बाजेवर. गिरणी दिसली आणि मी ओळखलं. मग तो शिपाई जेवायला बसला आणि त्यानं उजव्या हातानं भाकरी मोडली. उजव्या हातानं सलाम केला. मी शेंगा खाली ठेवल्या. उलटी अक्षरं, उलटे हात. एवढी साधी गोष्ट इतकी वर्षं माझ्या डोक्यात आली नव्हती.

"ह्यो तर उजवा हाय," मी म्हणाले.

"व्हय."

"तुमी तर पुढं बसला होता. तुमाला तवाच दिसलं असंल."

"दिसलं होतं."

"मग रानात डाव्या हातानं कावून करीत होता?"

तो नडगी चोळायला लागला. म्हणाला, "हसू यायचं."

"कुणाला?"

तो उठला आणि म्हशीला पाणी दाखवायला गेला. म्हैस नुकतीच पाणी पिऊन आली होती.

लढाईच्या त्या वर्षी कारखान्याचा पट्टा लवकर पडला, हंगाम संपला. रानात ऊसच नव्हता, कारखान्याच्या गव्हाणीत टाकणार काय? चिमणीचा धूर थांबला आणि आम्ही बैलगाड्या गावाकडं वळवल्या. पावसाळा आला तसा गेला. ढग यायचे, काळे व्हायचे, बालाघाटाच्या डोंगरावरून पुढं निघून जायचे. बाभळीचा पालाही शेळ्यांनी संपवला. दुष्काळी काम निघालं. रस्त्याच्या कडेला आम्ही ओळीनं बसून खडी फोडायचो. दगडाच्या पांढऱ्या भुकटीनं बायकांची तोंडं माखायची आणि सगळ्याजणी एकसारख्या दिसायच्या. दुपारी सरकारी सुकडी मिळायची, भाजल्या पिठाची, ती पदरात घ्यायची. रस्त्यानं कुणी उंच माणूस येताना दिसला की माझा हातोडा वरच राहायचा. नामदेव टोपल्या वाहायचा. तोही तिकडंच बघायचा. नंतर आमची नजरानजर व्हायची आणि तो हळूच मान हलवायचा. न्हाई वहिनी.

दसरा जवळ आला. मुकादम गावात फिरायला लागला. आणि एक दिवस खडीवर खरंच एक माणूस आला. उंच नव्हता. एका पायानं लंगडत होता. पाटोद्याकडचा, किसनच्याच पलटणीतला. घरी जाऊन मग इथं आला होता, मामांनी पाठवला होता.

मी त्याला बाभळीच्या सावलीत बसवलं. म्हणाले, "खरं सांगा. पळाले का ते?"

"न्हाई बाई."

"मग लढताना गेले?"

तो खाली बघायला लागला. "लढाई त्या दिशी थंड होती. किसन चहाला पाणी ठेवीत होता. आमाला म्हणला, गूळ असता तर बरं झालं असतं. मी लाकडं आणाया गेलो अन् मागं गोळा पडला. परत येऊन बघितलं तर नुसता खड्डा. काहीच घावलं न्हाई. म्हणून तसं कळवलं."

"मामांना काय सांगितलंत?"

"त्यांनी इचारलं, पुढं होता का मागं. मी म्हणलं, पुढं."

"बरं केलं."

त्याला मी माझ्या वाट्याची सुकडी दिली. तो नको म्हणत होता, मी हातात कोंबली. तो लंगडत गेला.

सिनेमात दोनच जातीची माणसं होती. एक शूर आणि एक पळपुटा. लोकांच्या बोलण्यातही तीच दोन असतात. चहाला पाणी ठेवणाऱ्याचा सिनेमा कोणी काढत नाही, त्याचं भाषणही कुणी करत नाही. मी पळपुट्याची वाट बघत होते, मामा शूराला रडत होते, आणि किसन यांतला कुणीच नव्हता. त्याला फक्त गूळ हवा होता. उसाच्या फडात राबलेला माणूस, शेवटी गुळाचा खडा मागत गेला.

मी माझ्या जागेवर येऊन बसले. फोडायच्या दगडावर डावा हात ठेवला, बांगड्यांवर हातोडा हळू मारला. मग उजवा. काचा खडीत मिसळल्या. कामावरचा कारकून लांबून ओरडला, "ए बाई, हात चालीव." मी हात चालवला. ती खडी त्याच रस्त्यावर पडली असेल, ज्यावरून आता ट्रॅक्टर जातात.

नामदेव रिकामी टोपली घेऊन आला. त्यानं माझी मोकळी मनगटं बघितली. टोपली खाली ठेवली आणि तिच्याजवळच बसला. "वहिनी," एवढंच म्हणाला. मोठ्यानं रडला, लेकरासारखा. रडणं त्यानं केलं, मी दगड फोडले.

त्या दिवशी घरी जाऊन मामांना मी सांगितलं, "पाट लावा."

पाट सवाष्णींनी बघायचा नसतो. गावाबाहेरच्या देवळामागं, दिवस बुडाल्यावर, चार माणसांत उरकला. दुसऱ्या दिवशी मुकादम आला, आम्हा दोघांकडं बघून म्हणाला, "आता पुरा कोयता झाला." आम्ही गाडीत चढलो. मामा ओट्यावर राहिले. वेशीवर किसनच्या नावाची कमान बांधायची असं गावानं ठरवलं होतं, तिचे दगड येऊन पडले होते.

नामदेव चांगला माणूस होता. दारू नाही, मारणं नाही. तीन लेकरं झाली, शिकवली. पण पाट लागल्यापासून फडात तो कधी जनरल झाला नाही. मीही म्हणाले नाही. ज्याच्यासाठी हसायचं होतं तो राहिला नाही, आणि त्याच्यामाघारी हसावं तर ते दोघांनाही चोरीसारखं वाटायचं. आम्ही एका कोपीत, एका अंथरुणावर, एका ताटात जगलो आणि मधे एक माणूस तसाच बसलेला राहिला.

आणि त्यानं मला हाक मारणं सोडलं. वहिनी म्हणता येत नव्हतं. अगं म्हणायला जीभ वळत नव्हती. नावानं तर नाहीच. खोकायचा, भांडं वाजवायचा, लेकराला म्हणायचा, "आईला सांग." सगळा जन्म असा गेला. मलाही भावजी म्हणता येईना आणि दुसरं काही सापडेना. बायका विचारायच्या, तुमचं भांडण हाय का? भांडण असतं तर बरं झालं असतं. भांडणात माणसं हाक तरी मारतात.

तो गेला त्या साली असाच हंगाम सुरू झाला होता. आम्ही तोडणीला जायचं केव्हाच सोडलं होतं. पंधरा दिवस बाजेवर होता. दुपारची वेळ, लेकी बाहेर धान्य निवडत होत्या. त्यानं डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं. ओळखीचं, पूर्वीचं बघणं होतं.

"वहिनी," तो म्हणाला, "पाणी द्या."

मी उठले, तांब्या भरला आणि म्हणाले, "घ्या भावजी."